अंबुजाक्कांचं धुणं

अंबुजाक्का हयात आहेत, ठणठणीत आहेत आणि हे वाचून मला फोनवरून झापणार आहेत, हे आधीच सांगून टाकतो. व्यक्तिचित्र म्हटलं की लोक पहिल्या ओळीपासूनच माणूस गेला असं धरून चालतात आणि चेहरा तसा करून वाचायला बसतात. तेव्हा चेहरा सरळ करा. अक्का मैसूरच्या बोगादीत राहतात, रोज सकाळी नवऱ्याशी वर्तमानपत्राच्या मधल्या पानावरून भांडतात आणि ते भांडण समोरच्या दूधवाल्याला पेपर न घेताच बातम्या पुरवतं.

मी त्यांना आधी ऐकलं, मग पाहिलं. मैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात मी नवा होतो. संगमनेरहून आलेला, कन्नड शून्य, आत्मविश्वास भरपूर. पॅनेलांच्या रांगेमागून एक बाईचा आवाज आला, "कोणी केला रे हा पडदा? इकडे ये की स्वल्प." मराठीच, पण अशी की वाक्य आपल्या घरातून निघावं आणि वाटेत शेजाऱ्याच्या घरी जेवून यावं. मैसूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत हीच भाषा चालते. 'स्वल्प' म्हणजे थोडं. ते 'थोडं' नंतर किती वेळ चालायचं, हे मला त्या दिवशी कळायचं होतं.

पुढचं अधांतरी राहू नये म्हणून आमचा धंदा काय ते सांगतो. सबस्टेशन म्हणजे मोठ्या तारांतून आलेली वीज उतरवून गावोगाव वाटून देणारं ठिकाण. प्रत्येक वाटेवर एक ब्रेकर असतो. बिघाड झाला की त्याने पडायचं, म्हणजे वीज तोडायची. पूर्वी त्यासाठी तांब्याच्या तारांचे जुडगे आणि भिंतभर काटे, दिवे, खटके असायचे. आता प्रत्येक वाटेवर एक शहाणी पेटी बसवतात, तिला रिले म्हणतात. ती प्रवाहावर नजर ठेवते, बिघाड ओळखते, ब्रेकर पाडते आणि काचेच्या तंतूतून शेजारच्या पेट्यांनाही कळवते की माझ्याकडे असं असं झालंय, तुम्ही आपलं सांभाळा. हा सगळा संसार एका संगणकाच्या पडद्यावर दिसतो. माउसची टिचकी मारली की बाहेर यार्डात माणसाएवढ्या उंचीचा ब्रेकर हलतो. तो पडदा रंगवणारा मी, आणि तो खरं बोलतोय की नाही ते तपासणाऱ्या अक्का. म्हणजे मी चित्रकार आणि त्या फौजदार.

तर मी पॅनेलमागे गेलो. पुरुषी हाफ शर्ट, खाली सलवार, पायात सेफ्टी शूज, मनगटावर भलं मोठं पुरुषी घड्याळ, आणि कपाळावर कुंकू इतकं ठसठशीत की मला आधी तो पॅनेलवरचा दिवाच वाटला. शर्ट आणि घड्याळ दोन्ही नवऱ्याचं. राव सर निवृत्त शिक्षक, अक्का म्हणायच्या, "तो घरी बसून वेळ बघून काय करणार आहे?"

"तूच का तो पुणेकर?"

"मी संगमनेरचा."

"कृष्णा ओलांडली की सगळे पुणेकर. दाब बघू तिसऱ्या वाटेचा ब्रेकर."

मी ऐटीत टिचकी मारली. पडद्यावर तिसऱ्या वाटेचा चौकोन छान हिरवा झाला. आणि समोर चौथ्या पॅनेलवरचा दिवा विझला.

झालं होतं एवढंच, की मी तिसऱ्या वाटेचं चित्र काढलं, मग चौथ्या वाटेसाठी त्याची नक्कल केली, आणि पुन्हा तिसरं सुधारताना नकलेवरूनच नक्कल मारली. पत्ता बदलायचा राहिला. आमच्या धंद्यातली ही देवीची लस आहे, प्रत्येकाला एकदा टोचावीच लागते. पण माझी टोचली गेली तेव्हा गिऱ्हाइकाचे लोक शेजारीच चहा पीत उभे होते.

"अय्यो," अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "हा पोरगा एकाच्या गालात मारतो आणि दुसऱ्याला रडवतो."

सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग अक्कांनी मला पडद्यासमोरून उठवलं. म्हणाल्या, प्रत्येक ब्रेकर मी दाबणार, तू प्रत्येक पॅनेलजवळ जाऊन डोळ्यांनी बघणार आणि ओरडून सांगणार. मी म्हटलं, "अक्का, पडद्यावर दिसतंय की." त्या म्हणाल्या, "पडद्यावर मघाशीही दिसत होतं." संध्याकाळपर्यंत मी पॅनेलांपुढून 'पडला! चढला! पडला!' ओरडत फिरलो. घसा बसला. दुसऱ्या दिवशी राव सरांनी डब्यातून माझ्यासाठी मिऱ्याचं सार पाठवलं. म्हणजे घरी जाऊन अक्कांनी माझी कीव केली होती, मला मात्र दाखवली नव्हती.

या साऱ्या प्रकाराला त्या 'धुणं' म्हणत. "धुतलंस का?" हा त्यांचा सकाळचा नमस्कार असायचा. कारखान्यातल्या कन्नड पोरांनाही तो शब्द पाठ झाला होता; 'धुणं आयता मॅडम?' असं विचारायचे. धुणं झालं का?

शब्दाचं मूळ मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातलं. अक्कांचं माहेर रंगाऱ्यांचं. अज्जा, म्हणजे आजोबा, लुगडी रंगवायचे. "गिऱ्हाईक रंग बघून भुलायचं रे," अक्का सांगायच्या. "पैसे काढायचं. अज्जा म्हणायचे, थांब. लुगड्याचा एक कोपरा तिथंच घंगाळात बुडवायचे, पिळायचे आणि पांढऱ्या पंचावर घासायचे. पंचा पांढरा राहिला तर लुगडं द्यायचे. दुकानात टांगलेलं असतं तेव्हा सगळंच पक्कं असतं, गुरू. पाण्यात घाल, मग बोल."

आता कोणाला वाटेल, अक्का जुन्या वळणाच्या, नव्याला नाकं मुरडणाऱ्या. तसं मुळीच नाही. नवी पद्धत आली तेव्हा आमच्यातल्या भल्याभल्यांनी तांब्याच्या तारांना मिठी मारली होती. अक्कांनी पहिल्या दिवशी मॅन्युअल घरी नेलं आणि परत आणलं ते हळदीचे डाग पाडून. पेट्या आपसांत जे निरोप धाडतात ते लॅपटॉपवर उघडून त्या असे वाचायच्या, जशी आपण शेजारच्यांची पत्रं वाचतो: कोणी कोणाला कळवलं, कोण गप्प बसलं, कोण खोटं बोललं. एकदा जुन्या सबस्टेशनमधून तारांचा ढीग भंगारात निघाला तेव्हा त्या त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "जा बाई, खूप छळलंस." त्यांचं भांडण नव्याशी नव्हतं, घाईशी होतं. आणि घाईचं आमच्याकडे मूर्तिमंत रूप होतं. आडनावही मूर्तीच.

मूर्ती साहेब म्हणजे कारखान्याचे संचालक. सज्जन माणूस, पण त्यांना काळाच्या पुढे राहायचं व्यसन होतं. त्यांनी वातानुकूलित लॅब बांधली आणि जाहीर केलं की यापुढे सगळी चाचणी इथेच, टेबलावर बसून. साइटवर जायचं ते फक्त हार घालायला. बैठकीत ते म्हणाले, "मॅडम, जग पुढे गेलं."

अक्का म्हणाल्या, "गेलं ना साहेब. मी त्याच्या मागून सांडलेलं उचलत येतेय."

बैठकीत असं बोलायचं नसतं हे मला माहीत होतं, म्हणून मी हसू दाबलं. दाबताना चहा नाकात गेला. मूर्ती साहेबांनी मला तेव्हापासून अक्कांच्या पार्टीत धरलं. प्रत्यक्षात मी कोणाच्याच पार्टीत नव्हतो, चहा गरम होता इतकंच.

अक्कांचा आवडता कन्नड शब्द 'आगल्ला'. होणार नाही. त्या तो ओरडून म्हणत नसत. कुंकू लावल्यासारखा नीट, मधोमध लावत.

एकदा आम्ही एका साइटवर गेलो. उजाड माळ, कुंपण, मधोमध यार्ड, एक कंट्रोल रूम. अक्का जीपमधून उतरल्या, आत एक चक्कर मारून आल्या आणि पुन्हा जीपमध्ये बसल्या. गिऱ्हाइकाचे इंजिनिअर चन्नप्पा, पोट पुढे आणि मन मऊ असलेला माणूस, धावत आले. "काय झालं मॅडम?"

"बायकांना बाथरूम नाही."

"मॅडम, इथे बायका येत नाहीत ना."

"मग मी कोण आहे, चन्नप्पा? ट्रान्सफॉर्मर?"

चन्नप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला मध्यस्थी करायची फार हौस. मी म्हटलं, "अक्का, वाटेत एक पेट्रोल पंप लागला होता, तिथे जीपने जाऊन..." वाक्य पुरं झालं नाही. अक्का म्हणाल्या, "तू रोज तिथं जाणार असशील तर मीही जाते. लग्गेच. दोघं जोडीनं जाऊ."

"आधी कडी असलेलं दार, मग चाचणी," असं सांगून त्या राव सरांनी दिलेली तांदळाची भाकरी आणि चटणीपुडी खात जीपमध्ये बसल्या. काम अडलं. फोन झाले. मूर्ती साहेबांचा फोन आला, 'ॲडजस्ट करा' म्हणाले. अक्का म्हणाल्या, "आगल्ला," आणि फोन माझ्या हातात दिला, जणू तो फोनचा दोष होता. शेवटी चन्नप्पांनी गवंडी आणला. सामानाच्या खोलीतून एक कोपरा तोडला, भिंत घातली, दार लावलं. आज त्या साइटवर दोन पोरी इंजिनिअर म्हणून शिफ्टला असतात. ते दार कोणी लावलं हे त्यांना माहीत नाही. मी एकदा सांगायला गेलो, तर त्यांना वाटलं मी दाराची तक्रार घेऊन आलोय.

आता हुणसूर रस्त्यावरच्या त्या सबस्टेशनची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून चहा मिळतो.

नवं कोरं सबस्टेशन. आजूबाजूच्या तंबाखूच्या गावांना वीज त्यातून जायची. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. त्यांचं नाव, पक्ष विचारू नका, पांढरे कपडे आणि डोक्यावर मैसुरी पेटा एवढं पुरे. त्यांनी आत बसून माउसची टिचकी मारायची, बाहेर मुख्य ब्रेकर चढायचा, टाळ्या. मूर्ती साहेबांसाठी हे काम म्हणजे मोठी पायरी होती. मागोमाग अशी आणखी कामं मिळणार होती. आणि अक्कांसाठीही ती पायरी होती. मूर्ती साहेबांनी कबूल केलं होतं की हे पार पडलं की चाचणी विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक. त्या खुर्चीसाठी अक्का कित्येक वर्षं थांबल्या होत्या. त्यांच्याहून लहान, त्यांनीच शिकवलेली माणसं पुढे जाऊन बंगळूरला बसली होती. अक्का बोलून दाखवत नसत. पण राव सरांनी एकदा मला कॉफी देता देता सांगितलं होतं, "तिला ती खुर्ची पाहिजे, कुलकर्णी. लई पाहिजे. मला सांगत नाही, पण झोपेत लोकांना कामं वाटून देते."

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी माझा पडदा शेवटचा पुसून लखलखीत करत होतो. चन्नप्पा मागे येऊन उभे राहिले. "कुलकर्णी, हे मधेमधे पिवळं काय आहे?"

मी सांगितलं. पेटी चाचणीच्या अवस्थेत ठेवली की पडद्यावर तिच्या नावाभोवती पिवळी चौकट येते. काम झालं की पेटीला परत नेहमीच्या अवस्थेत आणायचं, चौकट जाते.

"मोठ्या साहेबांना दिसायला बरं नाही हो. आजारी असल्यासारखं वाटतं."

खरंच वाटत होतं. मी पेट्या एकेक करून परत आणल्या. तरी पिवळं कुठेतरी लुकलुकत राहिलं. चन्नप्पा हळहळत राहिले. मग माझ्यातला चित्रकार जागा झाला. मी पेट्यांमागे धावणं सोडलं आणि पडद्यावरून पिवळा रंगच काढून टाकला. चौकटच दाखवायची नाही. पडदा कसा चैत्रातल्या झाडासारखा हिरवागार झाला. चन्नप्पांनी पाठ थोपटली. मीही मनातल्या मनात थोपटली. एकाच कामासाठी दोन थापा.

सकाळी अक्का आल्या. पर्स ठेवली, पडदा बघितला. दुसऱ्या कोणी 'वा' म्हटलं असतं.

"पिवळं कुठे गेलं?"

"गेलं."

"गेलं की घालवलंस?"

मी काहीतरी पुटपुटलो. अक्कांनी कपाळाला हात लावला नाही, रागावल्या नाहीत. नुसतं घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "आता धुवायला पाहिजे. शेजारधर्म बघू."

शेजारधर्म हे त्यांच्या धुण्यातलं सगळ्यात मोठं कापड. समजा एका वाटेवर बिघाड झाला, तिथल्या पेटीने ब्रेकरला पड म्हटलं, पण ब्रेकर अडकला, पडलाच नाही. अशा वेळी ती पेटी शेजारच्या सगळ्यांना निरोप धाडते, की माझा पडत नाही, तुम्ही पडा. सगळ्यांनी पडायचं, म्हणजे आग आतपर्यंत येत नाही. कोणी पडलं नाही तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि त्या वेळी यार्डात जे कोणी हात काळे करत असतील त्यांचं देवच बघणार. यार्डात त्या दिवसापासून लाइनमनची पाळी असणार होती.

मूर्ती साहेब सूट घालून आले होते. म्हणाले, "मॅडम, लॅबमध्ये झालंय हे. सगळं पास."

"लॅबमध्ये सगळ्या पेट्या चाचणीच्या अवस्थेत होत्या, साहेब. चाचणीतली पेटी चाचणीतल्या पेटीचं ऐकते. इथे त्या कामावर आल्यात. कामावरची पेटी चाचणीतल्या पेटीचं काही ऐकत नाही. एक जरी मागे राहिली असेल तर ती ओरडत बसेल आणि बाकीच्या कानावर घेणार नाहीत."

"एकही राहिलेली नाही. पडदा बघा. सगळं हिरवं आहे."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छतही नवीनच रंगवलेलं होतं.

"मला थोडा वेळ द्या," अक्का म्हणाल्या.

"पाहुणे निघालेत मॅडम. वेळ नाही. आणि तुम्ही आजचा दिवस... तुम्हाला कळतंय ना, आजचा दिवस तुमच्यासाठी काय आहे ते?"

"कळतंय साहेब. तरी आगल्ला."

एवढं बोलून त्या बाहेर गेल्या. मुख्य ब्रेकरच्या पॅनेलवर एक किल्लीचा खटका असतो. तो एका बाजूला असला की आतल्या माउसचं बाहेर चालतं, दुसऱ्या बाजूला फिरवला की आत बसून कोणी कितीही टिचकी मारो, ब्रेकर हलत नाही. अक्कांनी तो फिरवला, किल्ली काढली, जेवणाच्या डब्यात टाकली, झाकण लावलं आणि यार्डाच्या कडेला केबलच्या रिकाम्या ड्रमवर जाऊन बसल्या.

मूर्ती साहेबांनी मला पाठवलं. मला कुठेही पाठवणं म्हणजे काम बिघडवण्याची खात्रीची वाट, हे त्यांना तोपर्यंत कळायला हवं होतं.

"अक्का, किल्ली द्या ना. खुर्ची जाईल."

"सुम्ने बस की." म्हणजे गप्प बस.

"राव सर काय म्हणतील?"

"तो काय म्हणणार? त्याला म्हणू दिलं तर ना." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला काय वाटतं, मला नको आहे? मी मनात खोलीचा रंगसुद्धा ठरवलाय. पण तिथं बसून रोज वाटणार, आज तिकडं कोण यार्डात असेल. असली खुर्ची मला बोचते रे. जा, सांग त्यांना, जेवून देते म्हणून."

मी जाऊन सांगितलं, जेवून देते म्हणाल्या. मूर्ती साहेबांचा चेहरा मी काढलेल्या कुठल्याच पडद्यावर नसलेल्या रंगाचा झाला.

तेवढ्यात गाड्या आल्या. पाहुणे उतरले, हार झाले, आत येऊन खुर्चीत बसले आणि माउसकडे असे पाहायला लागले जसा तो चावेल. मूर्ती साहेब कन्नडमध्ये म्हणाले, एक छोटी तांत्रिक बाब आहे. पाहुण्यांनी विचारलं, काय बाब? मग मोठ्या माणसांत मूर्ख शोभतो तसा मी बोललो. म्हटलं, "सर, किल्ली मॅडमच्या डब्यात आहे."

पाहुणे उठून बाहेर आले. सगळी वरात मागे. अक्का ड्रमवरून उठल्या, हात जोडले. पुढचं कन्नडमध्ये झालं, मी मराठीत सांगतो.

"काय हो ताई, किल्ली का लपवली?"

"लपवली नाही, सांभाळली. तुम्ही बटण दाबा, पण आधी एकदा तुमच्यासमोर तपासू द्या. बरोबर निघालं तर मी माफी मागते, घरी जाते, पुन्हा येत नाही."

"आणि नाही निघालं तर?"

"तर तुमच्या हातून नको ते चालू झालं नाही, एवढं होईल."

पाहुणे राजकारणातले. शेवटचं वाक्य त्यांना इतरांच्या आधी कळलं. "करा," म्हणाले.

अक्कांनी टेस्ट किट जोडला. सगळे ब्रेकर चढवले. तारांत वीज नव्हतीच. एका वाटेचा ब्रेकर मुद्दाम अडवून धरला आणि तिथल्या पेटीला खोटा बिघाड दाखवला. आता शेजारचे सगळे पडायला हवेत, धाडधाड आवाज करत. आम्ही सगळे यार्डाकडे तोंड करून उभे.

एक चिमणी उडाली. बस.

आत पडदा हिरवागार.

पाहुणे जरा वाट बघून म्हणाले, "काहीच झालं नाही की."

"तेच दाखवायचं होतं," अक्का म्हणाल्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. नेमकी तीच पेटी चाचणीत राहिली होती. मी धावलो, पिवळा रंग परत आणला, चौकट दिसली, पेटी कामावर आणली. हे करताना चन्नप्पा माझ्यापासून हळूहळू असे लांब सरकत होते, जसा माझा त्यांचा परिचयच नाही. पुन्हा खोटा बिघाड. आणि सगळे ब्रेकर एकामागोमाग असे पडले की जमीन हादरली. पाहुणे दचकून मागे झाले, पेटा कानावर आला. मग त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, उद्घाटन हेच. नंतर माउसची टिचकी मारली तेव्हा त्यांना त्यात काही गंमत वाटली नाही.

लोक म्हणतात, सत्याचा विजय होतो. होतो, पण वेळापत्रक त्याचं त्याच्याकडे असतं. पाहुण्यांसमोर झालेली शोभा मूर्ती साहेब गिळू शकले नाहीत. काही दिवसांनी नेमणुका जाहीर झाल्या. अक्कांना कागदपत्रं सांभाळणाऱ्या विभागात टाकलं, जिथे यार्ड खिडकीतूनही दिसत नाही. आणि चाचणी विभागाचा प्रमुख केलं, हसू नका, मला. पिवळा रंग लपवणाऱ्या माणसाला. मी अक्कांच्या टेबलाजवळ गेलो आणि म्हटलं, मी नाही घेत ही खुर्ची.

"घे," अक्का म्हणाल्या. "तुझी लाज अजून ताजी आहे. तुझ्या जागी दुसरा आला तर त्याला शिकायला आणखी एक सबस्टेशन लागेल. घे आणि रोज धू." मग पर्स उचलली, नवऱ्याच्या घड्याळात बघितलं आणि भर दुपारी राजीनामा देऊन घरी गेल्या. जाताना गेटवरच्या पहारेकऱ्याला सांगितलं, "उद्यापासून माझी वाट बघू नको." त्याचे डोळे भरले. अक्का म्हणाल्या, "अय्यो, मी काय मेले का?"

त्यानंतर बरेच महिने गेले. मोठी ऑर्डर होती. पॅनेलं तयार झाली, गिऱ्हाइकाने कळवलं की माल उचलण्याआधी आमच्या तर्फेचा तपासनीस येईल. मूर्ती साहेबांनी लॅब सजवली, मऊ खुर्ची ठेवली, बदामाचं दूध मागवलं. गाडी आली. दार उघडून आधी सेफ्टी शूज बाहेर आले.

मूर्ती साहेबांनी स्वतःला सावरलं. ते हुशार आहेत. हसून नमस्कार केला आणि म्हणाले, मॅडम, आता तुम्ही पाहुण्या. आमच्याकडे नवा नियम झालाय, तुम्हाला माहीत नसेल, पाहुण्यांनी शॉप फ्लोअरवर त्या तांबड्या रेघेच्या पलीकडे जायचं नाही. सुरक्षेसाठी. तुम्ही लॅबमध्ये निवांत बसा, सगळं पडद्यावर दाखवतो.

नियम होता. भिंतीवर लिहिलेला होता. लांब तिकडे पॅनेलांची रांग होती आणि मधे तांबडी रेघ.

मी अक्कांकडे पाहिलं. मला वाटलं, आता भांडण. अक्कांनी भिंतीवरचा नियम शांतपणे वाचला. खालपर्यंत वाचला. मग पुढे गेल्या आणि सेफ्टी शूजची टोकं रेघेला बरोब्बर लावून उभ्या राहिल्या. एक केसही पलीकडे नाही.

"बरोबर आहे साहेब," म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. मग पॅनेलं इकडे आणा."

"सगळी?"

"एकेक करून. घाई नाही मला."

बदामाचं दूध गार होत होतं. मग मीच बाही वर केली, दोन पोरांना हाक मारली, आणि माझ्या विभागाने पास केलेलं, माझ्याहून हातभर उंच असलेलं पहिलं पॅनेल आम्ही ट्रॉलीवर चढवलं. चाकं करकरत निघाली. पॅनेलच्या आडून मला रेघेवरचे फक्त दोन बूट दिसत होते, आणि ते तसूभरही हलत नव्हते. मी ढकलत राहिलो.